मावशींचा पंप

"हे कोणाले सांगते?" दम्याच्या पंपावर बसवलेल्या अंगठ्याएवढ्या यंत्राकडे पाहत मावशींनी मला पहिल्याच भेटीत विचारलं.

"डॉक्टरांना. तुम्ही पंप कितीदा घेतला, तेवढंच."

"अन् डॉक्टर कोणाले सांगते?"

तुम्ही म्हणाल, काय हा संशय! मीही तेच म्हणत होते. रायपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. कोणत्या रुग्णाने किती पंप घेतला ते आमच्या स्क्रीनवर दिसतं. जास्त दिसला की आम्ही फोन करतो. वेळीच औषध बदललं तर भरती टळते, खर्चही वाचतो. शहरातल्याच भनपुरी वस्तीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशींना हे पटेना. त्यांनी यंत्र लावून घेतलं, पण त्याला कापडाची टोपी शिवली.

"मावशी, याला डोळे नसतात."

"मंग कान असतीन."

एका दुपारी त्यांचे आकडे भराभर चढले. मी फोन लावला. "काहून माझ्या घरात डोकावून राहिली, पोरी?" एवढं बोलतानाही त्यांना मध्येच थांबून श्वास ओढावा लागला. मी ॲम्ब्युलन्स पाठवली. त्या वाचल्या. डॉक्टरांनी औषध बदललं, आणि तशी धाप पुन्हा लागली नाही.

"मशिनीनं वाचवलं, हव," घरी जाताना त्या म्हणाल्या. "पण ते कोणाले सांगते, तेवढं विचारून ठेव."

मी विचारलं. दवाखान्याचे साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये असतं."

थोड्याच दिवसांत, मावशींसारख्या आमच्या रुग्णांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचा एक गोडबोल्या माणूस आमच्या खोलीत येऊन बसू लागला. कोणते पेशंट महाग पडतात, ते तो माझ्याच स्क्रीनवर पाहायचा. त्यात मावशींचं नाव बरंच वर होतं. पुढच्या वर्षी यांच्या विम्याचं काय, असं मी विचारलं. तो हसला आणि त्याने चहा मागवला.

मी मावशींना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. "डॉक्टरले मी सोता सांगीन. जेवढं सांगाचं तेवढंच."

आता स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे काही उमटत नाही. बऱ्या आहेत की धापा टाकताहेत, काही कळत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी भनपुरीला जाते. परवा कडी वाजवली. आत शिलाई मशीन थांबली. दार किंचित उघडलं. मावशींनी आधी माझ्या मागची गल्ली नीट पाहिली, मग माझे रिकामे हात.

"एकटीच ना? ये."