म्हातारीचा गोऱ्हा

गोठेवाली ताई सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. जनावरांचे डॉक्टर यायचे होते. दोन्ही गोऱ्हे खच्ची करायचे की त्यातला एक वळू म्हणून राखायचा, हे त्याआधी ठरायला हवं होतं. उभ्या हयातीत तिने एकही गोऱ्हा वळू म्हणून राखला नव्हता. वळू पोसणं म्हणजे घरजावई पोसणं, असं तीच सगळ्यांना सांगत आली होती. पण या खेपेला तिच्या मनाने घेतलं होतं. आपल्या हातचा एक वळू हवाच.

धाकट्या भावाचा कौल दोघांतल्या तांबड्या गोऱ्ह्याला होता. भरदार छाती, जाड मान, चालण्यात रुबाब.

"नजर हटत नाही बघ, ताई."

"नजर काय दूध देते?"

तिचा जीव म्हातारीच्या गोऱ्ह्यावर जडला होता. म्हातारी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात जुनी गाय, आणि हे तिचं बहुधा शेवटचं वासरू. अंगाने किरकोळ, रंगाने मळकट. पण म्हातारीची धार कुणीही काढावी, ती हूं की चूं करायची नाही.

"वासराकडे काय बघतोस? त्याची आई बघ," ताई म्हणाली. भाऊ हसला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. तिने बादली त्याच्या हातात कोंबली. "जा, तांबड्याच्या आईची धार काढून ये."

भाऊ वैरण बघायचा, दूध पोचवायचा. धारा कायम ताईच काढायची. तो बाह्या सरसावून बसला. पुढच्याच क्षणी बादली एकीकडे, भाऊ दुसरीकडे आणि दूध त्याच्या सदऱ्यावर. ताई गव्हाणीला धरून पोटभर हसली.

"तांबड्याच्या लेकी आजीवर गेल्या, तर तूच काढशील धारा?"

"तुझाच राख, बाई," भाऊ कंबर चोळत म्हणाला.

डॉक्टर आले, तांबड्याचं काम उरकलं. ताईने ऐटीत म्हातारीचा गोऱ्हा पुढे केला. डॉक्टरांनी तो नीट तपासला. "चांगला आहे. कोणत्या गाईंसाठी राखताय?"

"या काय समोरच्या. ही म्हातारीची लेक, ती नात, ती पलीकडची..." बोट रांगेवरून सरकत गेलं तसा तिचा आवाज खाली आला. गरीब स्वभावाच्या म्हणून म्हातारीच्याच लेकी-नाती ठेवायच्या, बाकीच्या विकायच्या, हा तिचाच शिरस्ता. बाहेरची उरली होती ती एकटी लाथाडी, तांबड्याची आई.

"भावाबहिणींत नाही चालायचं, ताई," डॉक्टर म्हणाले. "आणि एकीसाठी कोण वळू पोसतं?" त्यांनी खच्ची करायचा चिमटा पुन्हा हातात घेतला.

ताईला स्वतःचाच राग आला. जन्म गोठ्यात गेला आणि आनंदाच्या भरात एवढी साधी गोष्ट सुचली नाही. पण तिचा हात गोऱ्ह्याच्या मानेवरून निघेना. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीचा ओरडा आला. रोजच्यासारखी ती गाईचे पाय बांधून धार काढत होती. तिच्या गाई सगळ्याच लाथाडी, आणि म्हातारीच्या गोतातली त्यांत एकही नाही.

"ठेवा तो चिमटा."

"अगं, खाणार आपलं आणि कामाला येणार तिच्या?" भाऊ म्हणाला.

"येऊ दे. वळू मी केलाय, वासरं कुणाच्याही दारात होईनात का."

दावं सोडून ती जवळजवळ पळतच कुंपणाशी गेली, गोऱ्हा मागोमाग. शेजारीण हात पुसत वर बघते न बघते तोच ताई म्हणाली, "अगं, इकडे ये लवकर. तुझ्या गाईंसाठी वळू राखलाय मी."