शेणकिडे आणि शेलारचं स्थळ

भिवंडीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होते. शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी खारबावच्या गोठ्यांतून शेणकिडे गोळा करत हिंडत होते. पोरगी पुरती वाया जायच्या आत उजवून टाकावी, म्हणून वडिलांनी शेलार गावचं स्थळ आणलं.

किडे मला मनापासून आवडायचे. वालाच्या दाण्याएवढा जीव, पण डोकं फावड्यासारखं चपटं, पुढच्या पायांना खणायला दाते, मिशांच्या टोकाला पातळ पात्या. ताज्या शेणाचा वास आला की त्या पात्या उघडतात. आमच्या नातेवाइकांच्या मिशा नुसत्या पीळ द्यायला होत्या.

बघायला आले त्या दिवशी मुलाच्या आईने विचारलं, "सुट्टीत काय करतंस?"

पाहुणे पळून जावेत म्हणून मी खरं तेच सांगितलं. "शेणातले किडे शोधते."

बाईंचा चेहरा एकदम फुलला. "बघा, शेनाला नाक मुरडत न्हाय! आमच्या गोठ्यात म्हशीच म्हशी हायेत. आता कॉलेज कशाला? उरलेलं शिक्षान आमच्याकडंच व्हईल."

वडील समाधानाने मान डोलवू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांची विद्या शेणाच्या पाटीत जाणार होती.

"किडा दाखवा तरी," नवरामुलगा म्हणाला. कडक इस्त्रीचा शर्ट, घरचे कापड विणायचे लूम. मी डबी आणि भिंग पुढे केलं.

"याला शिंगं कशाला?"

"शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशी राखण करतो, मादीच्या बरोबरीने शेण वाहून खाली नेतो. त्या शेणातच पिल्लं वाढतात. बिनशिंगी नर असली कामं करत नाही. बाजूने बोगदा खणून गुपचूप मादीपाशी जातो." मग राहवलं नाही. "तुमच्याकडे शेण कोण काढतं?"

तो भिंगाशी चाळा करू लागला. "आई."

बाईंनी त्याच्या हातून भिंग घेतलं, किडा पाहिला, मग लेकाकडे पाहिलं.

"म्हंजे आमचा बिनशिंगीच हाय!"

आमची आई आतून फस्सकन हसली. नवरामुलगा रागाने उठला, सोयरीक तिथेच मोडली आणि वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मी नेहमीसारखी शेण काढायला आमच्या गोठ्यात शिरले, तर वडील आधीच धोतर खोचून पाटी भरत होते. त्यांनी शेणाला हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

वर न बघता म्हणाले, "जा. एस.टी. चुकंल."