लाइनवर मी नसतेच

किस्से साठतात कसे, माहितीये? सांगायला कोणी नसलं की साठतात! रोज कोणाशी तरी दोन घटका बोलणं होत असेल, तर किस्सा आला तसा संपतो. आमच्या कामात तर तोंड उघडायचीच बंदी होती. आता काम सोडलंय, नावं बदलली आहेत, आणि त्या देशाचं नाव तर मी झोपेतही घेणार नाही. तेव्हा बसा, चहा घ्या.

मी जबलपूरला महाराजपुरात राहते. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. हे तोफांच्या फॅक्टरीत होते, ते गेले. मुलगी पुण्याला. घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी बरं वाटायचं.

अशात दिल्लीच्या एका कंपनीनं फोनवर दुभाष्याचं काम दिलं. माणसांना चोरून सीमेपार नेणाऱ्या एजंटांच्या टोळ्या असतात ना, त्या पकडायला त्या परक्या देशाचे पोलीस आणि आपले पोलीस मिळून तपास करायचे. तिकडे सापडलेला माणूस हिंदी बोलणार, तिकडच्या पोलीस मॅडम इंग्रजी बोलणार, आणि मधे मी, आमच्या बैठकीच्या खोलीत हेडफोन लावून.

कंपनीच्या मिश्राजींनी पहिल्याच दिवशी समजावलं, "मैडम, सामनेवाला जो बोले, सब बोलना है. 'मैं' बोले तो आप भी 'मैं' बोलिए. अपनी तरफ से एक अक्षर नहीं. लाइन पर आप हैं ही नहीं!"

म्हटलं, मग काय! नसण्याची प्रॅक्टिस तर घरीच चालली होती.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मॅडम एका माणसाची कसून चौकशी करत होत्या आणि मी दाराकडे पाठ करून त्याच कडक आवाजात हिंदीत विचारत होते, "सच बताइए. आपको यहाँ किसने भेजा? साथ में और कौन है?"

मागे काहीतरी खण्णकन पडलं. वळून पाहते तो शेजारच्या गुप्ता भाभी! वाटी परत द्यायला आल्या होत्या. वाटी उंबरठ्यावर, आणि भाभी फाटकाबाहेर.

संध्याकाळी गुप्ताजी स्वतः आले. हात जोडून म्हणाले, "भाभीजी, कटोरी आपकी ही है. और उसे किसी ने नहीं भेजा, अपने मन से आई थी!"

मला हसू आवरेना, पण सांगता तर काहीच येत नव्हतं. कुठे बोलणार नाही, अशी कागदावर सही केलेली. म्हटलं, "अच्छा, कोई बात नहीं." गुप्ताजी माझ्याकडे बघत बघत उलट्या पावली गेले. भाभींचं येणं तेव्हापासून कमी झालं, आणि मला ते फार लागलं.

* * *

आपल्या बाजूला दिल्लीचे चौहान साहेब होते. मोठे अधिकारी, आवाज भारदस्त. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, फक्त ते कोणाला कळत नव्हतं!

दोन्ही देशांच्या मीटिंगमध्ये साहेब एका दमात इंग्रजीत बोलून जायचे. मॅडम म्हणायच्या, "इंटरप्रिटर, प्लीज." मग मी तेच सगळं हळूहळू इंग्रजीतच पुन्हा सांगायची. साहेब खूश, मॅडम खूश. असे बरेच दिवस गेले.

एकदा मीटिंग संपता संपता मॅडम फार कौतुकानं म्हणाल्या, "तुमची हिंदी भाषा आता मला थोडी थोडी समजायला लागली आहे. किती इंग्रजी शब्द आहेत हो तिच्यात!"

आता हे चौहान साहेबांना सांगायचं की नाही? नियम म्हणजे नियम. सांगितलं!

साहेब पुढच्या मीटिंगपासून शुद्ध हिंदीत बोलायला लागले. इतक्या शुद्ध, की मलाच डिक्शनरी घेऊन बसावं लागलं.

* * *

एकदा एक एजंट सापडला. लोकांना खोट्या कागदांवर पाठवायचा. पण बोलणं असं गोड, की चौकशी आहे हे विसरायला व्हावं.

मॅडमनी विचारलं, "इतक्या लोकांना त्यांचा देश सोडायला तुम्ही तयार कसं करायचात?"

तो म्हणाला, "करना क्या है मैडम! बस इतना पूछता हूँ, यहाँ आपका है कौन?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडमचा पुढचा प्रश्न लांबला. मग एजंटच म्हणाला, "देखा मैडम? आप भी सोच में पड़ गईं. आपका भी कहीं करा दूँ?"

तुरुंगात बसून गिऱ्हाईक शोधून राहिला होता गडी! मॅडम जाम भडकल्या. पण खरं सांगू, विचारात मॅडम एकट्याच पडल्या नव्हत्या.

* * *

स्वतःबद्दल काही बोलायचंच झालं तर आम्ही 'मी' म्हणायचं नाही. 'मी' हा शब्द समोरच्या माणसाचा. ऐकू आलं नाही तर म्हणायचं, "इंटरप्रिटरला ऐकू आलं नाही." पाणी प्यायचं तर, "इंटरप्रिटर एक मिनिट मागते आहे."

सवयच लागली. पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, खाना हो गया?"

मी म्हटलं, "इंटरप्रिटरला आज भूक नाही."

"आई! तू ऐसी काहून बोलून राहिली? तबीयत ठीक है ना?"

"ठीक आहे गं. चुकून निघालं."

"अच्छा, मीटिंग है, रात को करती हूँ." रात्री फोन आला नाही. तिचं तरी काय चुकलं, तिच्याही मागे कामं असतात. मी एकटीच टेबलाशी बसून वरणभात जेवले आणि मला रडू आलं.

* * *

या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे शेवट कधीच कळत नाही. चौकशी संपली की मॅडम म्हणणार, "थँक यू, इंटरप्रिटर," आणि कट!

एक बाई होती, एजंटच्या ट्रकमधून जाताना तिची लेक हरवली होती. ती बाई 'मेरी बच्ची' म्हणे आणि मी इंग्रजीत 'माझी मुलगी' म्हणे. इतक्या वेळा म्हटलं की ती पोर माझीच होऊन बसली.

न राहवून मिश्राजींना फोन केला, "वो बच्ची मिली क्या?"

"मैडम," मिश्राजी म्हणाले, "हमें तो ये भी नहीं पता कि कौन-सी बच्ची!"

आणि लगेच विचारलं, "कल तीन बजे फ्री हैं?"

मी फ्री होते. मी कायमच फ्री असायची.

* * *

आणि हा सुखदेवचा किस्सा.

सुखदेव आमच्या जबलपूरजवळच्या बरगीकडचा, तिथल्या धरणावर मासे धरणाऱ्या घरातला, चाळिशीचा माणूस. एजंटनं त्याला, त्याच्या धाकट्या भावाला आणि आणखी काहीजणांना तिकडे नेऊन एका घरात कोंडलं होतं. सुखदेव निसटला आणि पोलिसांना सापडला. भाऊ आतच राहिला. ते घर कुठे आहे, एवढंच मॅडमना हवं होतं, कारण एजंटची माणसं त्या लोकांना कधीही दुसरीकडे हलवणार होती.

पण सुखदेव तोंड उघडेना. मागच्या वेळीही नाही, या वेळीही नाही. "पता नहीं," एवढंच.

शेवटी मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कोणाची भीती वाटते?"

तो म्हणाला, "उस घर में भी एक औरत का फोन आता था. ऐसी ही अच्छी हिंदी में बोलती थी, मैं पुलिस की तरफ से हूँ, सच बताओ. जिसने सच बताया, वो पिटा. वो उन्हीं की औरत थी."

म्हणजे तो मॅडमना भीत नव्हता. माझ्या आवाजाला भीत होता! आणि मी तशी नाही, हे सांगायला मी लाइनवर नव्हतेच. मी त्याचं बोलणं तेवढं इंग्रजीत सांगितलं.

त्यात आमच्याकडची लाइट गेली. पंखा बंद, जीव गुदमरायला लागला, म्हणून मी खिडकी उघडली. आणि बाहेरून सायकलवाला ओरडला, "बरगी की मछली! ताज़ी रोहू, ताज़ी कतला! बरगी डैम की!"

मग सुखदेवनं हळूच विचारलं, "आप बरगी तरफ की हो का?"

कोणाला विचारलं, ते मला कळलं. पण नियम म्हणजे नियम. मी इंग्रजीत म्हटलं, "तुम्ही बरगीकडच्या आहात का?"

मॅडमना वाटलं, त्यांनाच विचारलंय. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "नाही. मी तिकडे कधीच गेले नाही. पण मी ऐकते आहे."

मी तेच हिंदीत म्हटलं, "नहीं. मैं उधर कभी नहीं गई. लेकिन मैं सुन रही हूँ."

मछलीवाला नेमका आमच्याच फाटकाशी येऊन ओरडला, "ले लो, बरगीवाली!"

सुखदेव हसला. पहिल्यांदाच हसला. "अच्छा! कभी नहीं गईं. चलो, फिर लिखो."

आणि त्यानं सगळं सांगितलं. कोणता पेट्रोल पंप, त्याच्या मागची गल्ली, निळं शटर, वरची खोली, भावाचं नाव. मी बोलत गेले आणि मॅडम लिहीत गेल्या. त्यांनी तिथल्या तिथे माणसं रवाना केली, ते मला लाइनवर ऐकू आलं.

मग मॅडमनी विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

"हओ," सुखदेव म्हणाला. "दीदी, मछली ले लो. वो चला जाएगा."

मी इंग्रजीत सांगितलं, "हो. ताई, मासे घेऊन टाका. तो निघून जाईल."

मॅडम खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. "कोण? कोण निघून जाईल? विचारा त्याला, लवकर!"

मी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "कौन चला जाएगा?"