हार्म्सबाई आणि घंट्यांचे पट्टे

दक्षिण जर्मनीतल्या आमच्या काळ्या जंगलातल्या खोऱ्यात मालिश म्हणजे पेशंटनं कळवळून ओरडलं पाहिजे, तरच गुण आला म्हणायचं. त्यात उत्तरेकडच्या समुद्रकाठाहून इमके हार्म्स मालिशवाली म्हणून आली. तिचे ते हलके, संथ हात पाहून गाव म्हणालं, “ही मालिश करते की मांजर कुरवाळते?”

मीही म्हणाले होते. मग माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आणि डावा हात पावासारखा फुगला. डॉक्टरांनी मला हार्म्सबाईंकडेच पाठवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सुजलेल्या हाताला बोटही लावलं नाही. मानेवर हात फिरवत बसल्या, मग दुसऱ्याच काखेत.

“अहो बाई, दुखणं इकडे आहे!”

“ठाऊक आहे. आधी हातात साचलेल्या पाण्याची पुढची वाट मोकळी करते. तुंबलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडू?”

“जोर तरी लावा की जरा!”

“जोर लावायचा तर घरी जाऊन कणीक मळा.”

असं बोलणं. हसणं तर माहीतच नाही. पण त्या हातांखाली मी गाढ झोपायचे. उठले की बाई माझ्या हाताला पट्ट्या गुंडाळत म्हणायच्या, “आज घोरलात. छान झालं.” माझा फार जीव जडला या खडूस बाईवर.

हाताची सूज उतरली तेव्हा फास्नेट तोंडावर आला होता. ईस्टरच्या उपवासांआधीचा आमचा सोंगांचा सण. वडील गेल्यापासून त्यांचा लाकडी मुखवटा मीच घालते. दोन्ही खांद्यांवरून घंट्यांचे जाड कातडी पट्टे आडवेतिडवे बांधायचे आणि उड्या मारत गावभर हिंडायचं. घंट्यांनी थंडी पळते.

“सोंगाची बाही हातावर चढली!” मी आनंदानं सांगितलं, आणि पट्टे दाखवायला नेले. बाईंनी ते स्वतःच्या खांद्यावर टाकून पाहिले.

“हे नाही. हे ओझं खांद्यात रुतलं की हात पुन्हा फुगेल.”

“घंट्यांशिवाय सोंग काढू? त्यापेक्षा घरात बसेन!”

“बसा.”

“तुम्हाला काय कळणार? तुमच्या लेखी फास्नेट म्हणजे दारुड्यांचा गोंधळ!”

“आहेच,” म्हणाल्या.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. सोंगांच्या मंडळाचा म्होरक्या माइनराट, त्याचा नियम कडक. घंट्या नाहीत तर मिरवणुकीत पाऊल नाही. शेवटी मनाशी म्हटलं, हात फुगला तर फुगू दे, यंदा बाबांचा मुखवटा खुंटीवर राहायचा नाही.

मिरवणुकीच्या सोमवारी सकाळी मी पट्टे उचलते न उचलते तोच दार वाजलं. हार्म्सबाई. अंगात जाड कोट, कपाळावर आठी.

“वाटलंच मला. आणा ते इकडे.”

“अहो, पण माइनराट...”

“त्याच्या घरी जाऊन भांडून आलेय. सोंग एक, माणसं दोन. कबूल झालाय.”

पट्टे त्यांनी स्वतःच्या खांद्यांवर चढवले, मुखवटा मी घातला आणि आम्ही निघालो. मी उडी मारली की क्षणभरानं शेजारी घंट्या खणखणायच्या. ताल म्हणून नाही. लोक पोट धरधरून हसत होते. माइनराट ओरडला, “बाई, बेडूक बरा उडतो!”

“तू घाल हे, मग बोल!” बाई धापा टाकत म्हणाल्या, आणि पुन्हा उडाल्या.

मुखवट्याआड मी रडत होते. माझा डावा हात मोकळा हलत होता, आणि सणाला नावं ठेवणारी ती बाई घामाघूम होऊन माझ्या वाट्याच्या घंट्या वाजवत होती.