बुरुलनं वाचलेलं एक अक्षर

आमच्या बुरुलसारखं डोकं अख्ख्या ओश शहरात दुसरं दाखवा, मी गाडी विकून टाकीन. मी आठवीत शाळा सोडली, टॅक्सी धरली आणि धाकट्या बहिणीला शिकवलं. ती आता प्रयोगशाळेत आहे. गरमीचा रोग, सिफिलिस, त्याचे जंतू कुठल्या औषधाला जुमानत नाहीत ते बघते. हे जंतू म्हणे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढत नाहीत. म्हणून फोडावर फिरवलेला बोळा तिच्याकडं येतो, आणि ती त्यातून जंतूचे जीन वाचते. बोळ्यावर नाव नसतं, नुसता नंबर.

"तू आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावं म्हणून दाखवतोस ना बाइके," ती मला एकदा म्हणाली (बाइके म्हणजे आमच्याकडं दादा), "तशी मी जंतूंची म्हणते. कुठला कुणाच्या घरचा, ते."

"आणि बिघडलेला कसा ओळखतेस?"

"एका ठरलेल्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. ते बदललं, की गोळ्या खा नाहीतर मनुके खा, सारखंच."

जुलैत एका सकाळी ती बूट न काढताच घरात शिरली.

"सत्तेचाळीस नंबरात ते अक्षर निघालं. बाई सात महिन्यांची गरोदर आहे. पेनिसिलिन सोसत नाही अशी नोंद, म्हणून गोळ्याच दिल्या होत्या. रोग तसाच आहे, बाइके. पोटातल्या पोराला जाईल. आता कसंही करून पेनिसिलिनच द्यायला हवं."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नंबरावरून बाई शोधली, फोन लावले. बंद. घरचे सगळे जनावरं घेऊन वरच्या कुरणात, जायलोवर गेलेले. त्यांची चिठ्ठी घेऊन निघाली बुरुल, कारण गाडी माझी होती.

वाटेत ती सारखी घड्याळ बघत होती.

"नाव काय तिचं?"

"तू गाडी हाक."

"मी काय गावभर सांगत सुटतो?"

"माझे बारावीचे मार्क बाजारातल्या खरबूजवाल्याला पाठ आहेत."

खरं होतं. मी गिअर बदलला.

"तिथं माझ्या कामाबद्दल एक शब्द काढायचा नाही," ती म्हणाली. "सासरी कळलं तर तिलाच नावं ठेवतील. मी तिच्याशी बोलेपर्यंत म्हाताऱ्यांना धरून ठेव. जमेल?"

"बोलायचं काम? मला विचारतेस?"

तंबूत सासऱ्यानं कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढं केला. सासूचं लक्ष बाहेर, घोड्यांपाशी उभ्या असलेल्या सुनेकडं आणि बुरुलकडं.

"दवाखान्याची बाई एवढं वर कशाला चढून आली?"

मी सुरू झालो. माझे सात बाप झाले, सासऱ्याचे सात झाले, पाचव्या पिढीत आमचं नातंही निघालं. बर्फात घाट कसा ओलांडला ते दोनदा सांगितलं. सासू उठायला लागली की मी विचारायचो, "आजी, हे कणकेचे बूर्सोक तळले कुणी? असे ओशमध्ये मिळत नाहीत." ती परत बसायची.

"तुझी बहीण करते काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

छाती फुटायची वेळ आली.

"रक्तबिक्त तपासते," मी म्हणालो. "साधं काम."

आयुष्यात एवढं खोटं मी बोललो नाही.

बुरुल आत आली. "आई, सुनेला शहरात न्यावं लागेल. बाळासाठी इंजेक्शनं आहेत, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची."

"मी चार पोरं ह्याच तंबूत जन्माला घातली. कुठलं इंजेक्शन घेतलं मी?"

"मी जातेय, आई," सून म्हणाली. गाठोडं आधीच काखेत होतं.

उतारावर मी जी गाडी सोडली, बुरुलनं एकदासुद्धा 'हळू' म्हटलं नाही.

हॉस्पिटलात आधी अगदी थेंबभर, मग जरा जास्त, असं अंगाला सवय लावत पेनिसिलिन द्यायला घेतलं. मी जिना चढत होतो, उतरत होतो. पाचव्या तासाला बुरुल बाहेर आली.

"सोसलं तिला. पूर्ण डोस गेला. आता दर आठवड्याला घ्यायचा."

"आणि पोर?"

"ते आज नाही कळत. औषध वेळेत पोचलं, एवढंच मी सांगू शकते."

"मग बस की घटकाभर."

"त्याच खोऱ्यातले अजून अकरा बोळे वाचायचे राहिलेत," ती म्हणाली, आणि चालायलाही लागली. मी खिशात किल्ली चाचपत तिच्यामागं धावलो.