काखेच्या ओळी

आमच्या सासरी कागद एकट्यानं वाचायची रीतच नव्हती. टपाल आलं की मामंजी ओसरीवर बसायचे, भाऊबंदातले चौघं जमायचे आणि मोठ्यानं वाचन व्हायचं. कुणाची सोयरीक, कुणाचं बाळंतपण, कुणाची म्हैस दगावली, सगळं सगळ्यांसमोर. आमचं गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात, त्यामुळं मामंजींना उर्दू फाडफाड यायचं. कचेरीचा कसलाही कागद असो, झरझर वाचायचे. पण इंग्रजी आलं की घरात मी एकटी. माझं माहेर सोलापूरचं, तिथं इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. सुनेला इंग्रजी येतं याचं मामंजींना कोण कौतुक! आल्यागेल्याला सांगायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या साली आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, छातीत गाठ निघाली. कितीतरी महिने त्यांनी ती पदराखाली दडवली. अखेर नळदुर्गावरून मोटारीनं सोलापूरला नेलं. तिथं डावा स्तन काखेपर्यंत काढावा लागला. ऑपरेशनच्या आधी नर्स म्हणाली, गळ्यातलं लिंग काढून ठेवा, तर ते जिवंतपणी अंगावेगळं करायचं नसतं म्हणून आत्याबाई खाटेवरून उतरून घरीच निघाल्या. शेवटी डॉक्टरनं ते उजव्या दंडाला बांधू दिलं. अशी खमकी बाई! काढलेला भाग तपासायला मुंबईला धाडलाय, निकाल टपालानं कळवू, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी सोडलं.

निकाल आला तेव्हा ओसरी भरलेली होती. आत्याबाई माजघरात दाराआड बसलेल्या, मी डोईवरचा पदर सावरत चौकटीत उभी. पाकिटात दोन कागद निघाले. एक तपासणीचा, दुसरी डॉक्टरची चिठ्ठी. आधी मनाशी वाचून घेतलं. गाठ लिंबाएवढी, कॅन्सरची. भोवतीची कड साफ, म्हणजे छातीवरचं सगळं निघालेलं. इथवर बरं होतं. खाली लिहिलं होतं, काखेतल्या अकरा ग्रंथी तपासल्या, त्यातल्या चारांत रोग पोचलाय. चिठ्ठीत डॉक्टरनं अगदी सोप्या इंग्रजीत बजावलं होतं: महिन्याच्या आत घेऊन या, किरणांच्या उपचाराला मुंबईला पाठवू, उशीर करू नका.

मला सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर आज जिवाला एवढं लागलं नसतं.

घरात त्या आजाराला सगळे नुसतं 'दुखणं' म्हणायचे. स्तन, काख, असले शब्द सासऱ्यासमोर, चार पुरुषांसमोर उच्चारायचे कसे? माझी मेलीची जीभच उचलेना. म्हटलं, "दुखणं मुळापासून निघालं, असं लिहिलंय. कड साफ आहे."

"आनि काय लिवलंय गं?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

"आनि काय न्हाय, आत्याबाई."

मामंजींनी उपरण्यानं डोळे टिपले आणि सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. आत गेल्यावर आत्याबाईंना एकटं गाठून सांगू, असं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण आत गेले तर आत्याबाई परात पुढं ओढून एका हातानं पीठ मळायला बसलेल्या. "आता भाकरी माझ्या हातची खा," म्हणाल्या आणि हसल्या. मनात आलं, आजचा दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. मग आत्याबाईंचा डावा हात जरा वर जायला लागला, मग संस्थानातल्या दंगलीनं वाटेवर गडबड सुरू झाली, मोटारी बंद झाल्या. रोज एक सबब. मोटारी तर पुन्हा सुरूही झाल्या. आमचे मालक हैदराबादला नोकरीला होते, त्यांना दोन ओळी खरडायला माझी बोटं झडली होती का? पण न सांगता एकेक दिवस गेला तसं सांगणं आणखीच अवघड होत गेलं, आणि आत्याबाई बऱ्या दिसत होत्या, तर मीही मनाची समजूत घालून घेतली.

सुगी झाल्यावर एकदा त्यांना न्हाऊ घालताना माझ्या हाताला काखेत काहीतरी टणक लागलं. बोराएवढं. मी तांब्या खाली ठेवला. तिथंच, ओल्या दगडावर बसून, रडत सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. अंग पुसलं, लुगडं नेसल्या, ओसरीवर भाऊबंदांत बसलेल्या मामंजींच्या समोर जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "कागद आन. समदा वाच."

मी वाचला. स्तन म्हटलं, काख म्हटलं, अकरा म्हटलं, चार म्हटलं. मामंजी खाली बघत ऐकत राहिले. कुणी उठून गेलं नाही, कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. दोन्ही कागद वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"किती दिसांत बोलावलं व्हतं?" मामंजींनी विचारलं.

"महिन्याच्या आत."

कागद येऊन सात महिने झाले होते. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"म्या गेले असते गं," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटलं, म्या भ्याले असते? चालत गेले असते म्या."