रंभा काय करायची

रंभाला आपण ओळखत होतो, असं म्हणायला अण्णाजींची जीभ रेटत नव्हती. तिचं माहेर कुठलं, तिला भाऊ-बहिणी किती, काही ठाऊक नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात, रस्त्याच्या कडेच्या मातीवर पोतं अंथरून ती भाजी विकायला बसायची आणि एसटीत कंडक्टरकी करून घरी बसलेले अण्णाजी सकाळी पिशवी घेऊन तिच्याकडे जायचे. ओळख एवढीच. तरी वर्ध्याच्या कोर्टात साक्षीदार म्हणून त्यांचं नाव लागलं, कारण दुसरं कोणी यायला तयार नव्हतं.

भाजी तिच्या स्वतःच्या शेतातली. पहाटे तोडायची, गाठोडं डोक्यावर घेऊन चौकात यायची. भेंडीचा शेंडा मोडून पाहणाऱ्यांवर तिचा डोळा असे. "मोडली तं घ्या लागते, बाप्पा! मोडलेली मी कोणाले विकू?" असं ती भल्याभल्यांना सुनवायची. अण्णाजींनी चिल्लर मागितली की हसायची. "गाडीत लोकाइले कधी चिल्लर देली काय तुमी? आता मले मांगता!"

एक दिवस नागपूरकडून आलेला ट्रक डांबर सोडून मातीवर उतरला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. अण्णाजी भाजी घेऊन नुकतेच घरी पोचले होते; आरडाओरडा ऐकून ते परत आले. रंभावर कोणीतरी तिचंच पोतं टाकलं होतं. आणि दोन चांगल्या कपड्यांतली माणसं रस्त्यावर पसरलेली वांगी पुसून पुसून पिशवीत भरत होती. ते पाहून अण्णाजींना किळस आली.

ती किळस पुढे थांबलीच नाही. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर एक दलाल रंभाच्या नवऱ्याच्या, बंडूजींच्या, खांद्यावर हात टाकून 'नुकसानभरपाईत माझा वाटा किती' ते ठरवत होता. पोलिसांनी सोडलेला ट्रक महिन्याभरात त्याच चौकातून जाऊ लागला, समोर ताजं लिंबू-मिरची बांधून. आणि भरपाईचा दावा लागल्यावर ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलाने लेखी म्हणणं दिलं, की बाई स्वतःच्या चुकीने मेली, आणि मुळात तिची कमाईच नव्हती.

रंभाची मुलगी पिंकी नर्सिंग शिकत होती. फी आईच्या भाजीतून जायची. आई गेल्यावर पिंकीचं कॉलेज सुटलं. रंभा कमावती होती हे कोर्टाने मानलं, तरच पोरगी परत जाऊ शकणार होती.

आधी बंडूजींची साक्ष झाली. धुतलेला सदरा घालून ते ताठ उभे राहिले. कंपनीच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या घरच्या बाई कोणाकडे कामाला जायच्या का हो?"

बंडूजींना तो टोमणा वाटला. "आमच्या घरची बाई कोणाच्या कामाले गेली नाई, साहेब. बजारात बसनारे आमी नाई. घरीच राहे. काईच नाई करे."

वकील खूश होऊन खाली बसला. पिंकीने ओढणी तोंडात कोंबली.

मधल्या सुटीत अण्णाजींनी बंडूजींना व्हरांड्यात गाठलं. "असं काऊन बोलले, बंडूजी?"

"मंग काय? माही बायको रस्त्यावर बसे, असं चार लोकाइत सांगू? सोयरे काय म्हनतीन?"

"अन् पिंकी?"

बंडूजी सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या करू लागले. आजवर अण्णाजींना वकिलांची आणि दलालाची किळस येत होती. आता या धुतलेल्या सदऱ्याचीही आली.

तेवढ्यात पिंकीचा वकील तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून आला. "अण्णाजी, आता सगळं तुमच्यावर. जरा वाढवून सांगा. सख्ख्या बहिणीसारखी होती म्हणा. डोळे पुसा."

"मेलेल्या बाईचा तमाशा माझ्याच्यानं होणार नाही," अण्णाजी म्हणाले. मग पुकारा झाला, तसे ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

"मयताशी तुमचं नातं?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"काही नाही."

"घरी जाणं-येणं?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला बाईंची काहीच माहिती नाही."

"फार नाही, साहेब. रोज भाजी घ्यायचो."

"नवरा सांगतो ती काही करत नव्हती, आणि तुम्ही म्हणता रोज! शेवटचं बोललात तरी कधी?"

"त्याच दिवशी. सकाळी."

"असं? काय बोलणं झालं?"

अण्णाजींना लाज वाटली. कोर्टात सांगावं असं त्यात काहीच नव्हतं. "मी एका ढिगातली भेंडी उचलली. ती म्हणाली, 'अण्णाजी, तिले हात नोका लावू, ते कालची होय.'"

न्यायाधीशांनी मान वर केली. "कालची? म्हणजे आदल्या दिवशीही ती विकायला बसली होती?"

"हो साहेब. आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी. मी रोजच घ्यायचो."

कंपनीचा वकील घाईने उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं आणि टंकलेखक बाईंना सांगितलं, "घ्या. मयत दररोज भाजी विकत होती." मग ते अण्णाजींकडे वळले. "पुढे?"

"पुढे काही नाही, साहेब. ती म्हणाली, 'आजची गाठोड्यात हाये, थांबा, काढून देतो.' मी म्हटलं, 'दे बाई. आज चिल्लर आहे माझ्याजवळ.' तर म्हणाली, 'आज बरी आठवली!'"